पिकअपला जे जोडाल ते वाजतं : पेडल स्टील गिटारचं वायरिंग

स्टील गिटारची खालची पट्टी उघडली तर आत फार काही सापडत नाही. एक किंवा दोन पिकअप (तारेच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारी कॉइल), एखादा टॉगल स्विच, एक जॅक आणि त्यांना जोडणाऱ्या चार वायरी. रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेल्या हाताला हे काम किरकोळ वाटतं. तरी मिरज-सांगलीकडच्या ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत आणि हवाईयन गिटार वाजवणाऱ्यांच्या घरात तक्रारी ऐकू येतात त्या बहुतेक याच चार वायरींच्या. हमिंग येतंय, आवाज दबका झालाय, स्विच मध्ये ठेवला की सूर पातळ होतो, तारेला हात लावला की झिणझिण्या येतात.

झिणझिण्या सोडल्या तर या तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि ती नीट कळली तर वायरिंगची आकृती पाठ करावी लागत नाही. पिकअप हा फार अशक्त स्रोत आहे. त्यातून काही मिलिव्होल्ट ते काहीशे मिलिव्होल्ट एवढाच सिग्नल निघतो. त्यामुळे त्याला जोडलेली प्रत्येक वस्तू, मग तो स्विच असो, व्हॉल्यूमचा पॉट (फिरवून रोध कमी-जास्त करायचा भाग) असो, केबल असो की दुसरा पिकअप, त्या सिग्नलमधलं काहीतरी घेते आणि आवाजात उतरते.

आधी वाद्याबद्दल थोडं. आपल्याकडे व्हॅन शिपले, हजारा सिंग यांच्या रेकॉर्डमुळे पोचली ती इलेक्ट्रिक हवाईयन गिटार, आडवी ठेवून स्टीलच्या बारनं वाजवायची. पेडल स्टील ही तिचीच पुढची पिढी, अमेरिकेत वाढलेली. चार पायांच्या चौकटीवर बसवलेली, एका नेकवर, म्हणजे तारांच्या पट्टीवर, बहुधा दहा तारा, आणि मोठ्या वाद्यात असे दोन नेक शेजारी शेजारी. एक नेक ई-नाइन्थ मेळात लावलेला, दुसरा सी-सिक्स्थमध्ये. तार वाजत असतानाच पायातलं पेडल दाबलं की ती ठरलेल्या सुरावर चढते. ई-नाइन्थवर एक पेडल ‘बी’च्या तारा दोन अर्धस्वर वर नेतं, शेजारचं ‘जी शार्प’च्या तारा एक अर्धस्वर. गुडघ्याला लागणाऱ्या लिव्हर वेगळ्या. मींड ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाद्य पहिल्यांदा ऐकताना परकं वाटत नाही. पण ही सगळी यंत्रणा लोखंड-अॅल्युमिनियमची आहे, विजेशी तिचा संबंध नाही. विजेच्या बाजूनं पेडल स्टील, साधी हवाईयन गिटार आणि मॅग्नेटिक पिकअप लावलेला बेंजो यांचं काम एकाच तत्त्वावर चालतं, म्हणून पुढचं बरंचसं तिघांनाही लागू पडतं.

कॉइल आणि चुंबक

चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे, वरून स्टीलची तार. तार हलली की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलच्या दोन टोकांत व्होल्टेज येतं. फॅरडेनं १८३१ साली दाखवलेला नियम एवढाच. जॉर्ज बोशाँनं १९३१-३२ च्या सुमारास तो वाद्याला लावला, १९३७ साली त्याला पेटंट मिळालं, आणि बाजारात आलेलं ते वाद्य आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटारच होती. उभी इलेक्ट्रिक गिटार नंतर गाजली.

या नियमातून एक गोष्ट लगेच निघते. तार चुंबकाला ओढली जाणारी असली पाहिजे. मिरजेत सतार आणि तंबोरे पिढ्यान्‌पिढ्या बनतात, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या सतारीवर मॅग्नेटिक पिकअप ठेवून बघितला तर पोलादी तारा खणखणीत बोलतात आणि पितळ-ब्राँझच्या तारा जवळजवळ मुक्या राहतात. पिकअप बिघडलेला नसतो, पितळेला चुंबक ओळखत नाही. म्हणून सतारीला लाकडाची थरथर पकडणारा पिझो पिकअप लावतात. त्याचं वायरिंग वेगळं, त्याला पुढे किमान दहा लाख ओहमचा इनपुट लागतो. पेडल स्टीलवर मात्र सगळ्या तारा पोलादी किंवा निकेल-स्टीलच्या वेढ्याच्या असतात, त्यामुळे तिथे मॅग्नेटिकच.

बाजारातला सहा तारांच्या गिटारचा पिकअप आणून बसवता येईल का, असं पुष्कळांना वाटतं. येत नाही. दहा तारांची रुंदी पिकअपजवळ साधारण ८ सेंटिमीटर भरते, सहा तारांची ५ च्या आसपास. कडेच्या तारा चुंबकाच्या बाहेर पडतात आणि बारीक ऐकू येतात. आणखी एक फरक असा की उभ्या गिटारला दोन-तीन पिकअप असतात, इथे एका नेकला एकच, आणि तोही चेंजरच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर तारा ताणणाऱ्या टोकाच्या यंत्रणेच्या, अगदी जवळ, कारण स्टील बार पार वरच्या सप्तकापर्यंत सरकत येतो आणि त्याला मोकळी जागा हवी. चेंजरजवळ तारेचं हेलकावणं कमी असतं, म्हणून सिग्नल कमी. तो भरून काढायला स्टीलचे पिकअप जास्त वेढ्यांचे करतात. गिटारचा साधा सिंगल कॉइल ६ किलोओहमच्या आसपास मोजला जातो, पेडल स्टीलचा १५ ते २० किलोओहम. साडेसतरा हा आकडा स्टील वाजवणाऱ्यांच्या तोंडी फार असतो.

कॉइल जळाली किंवा तुटली तर आपल्या भागात पहिला विचार येतो मोटर रिवायंडिंगच्या दुकानाचा. पाण्याच्या मोटरी भरणारी दुकानं सांगली जिल्ह्यात गावोगावी आहेत आणि तिथल्या कारागिरांचा हात तयार असतो. पण इथे गेजचा एक घोळ होतो, तो टाळला पाहिजे. परदेशी पिकअपच्या माहितीत ‘४२ गेज’ लिहिलेलं असतं ते अमेरिकन मापात, म्हणजे ०.०६३ मिलिमीटर जाडी. आपल्या दुकानात तार मिळते ती ब्रिटिश एसडब्ल्यूजी मापात, आणि त्या मापातली ४२ गेज तार ०.१०२ मिलिमीटर असते. दुकानदार बरोबर, तुम्हीही बरोबर, पण तार दीडपटीहून जाड आली. बॉबिनवर निम्म्याहून कमी वेढे बसणार आणि आवाज अगदी क्षीण निघणार. अमेरिकन ४२ च्या जवळ जाणारी आपली तार ४६ गेजची. मागताना मिलिमीटरमध्येच मागावी. शिवाय केसाएवढी बारीक तार मोटरच्या हाताला सवयीची नसते, ताण थोडा वाढला की तुटते. त्यामुळे कारागिराला घाई करू नये.

मल्टिमीटरनं पिकअप मोजताना उन्हाचाही विचार करावा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. पंचवीस अंशांना साडेसतरा किलोओहम दाखवणारा पिकअप जत-आटपाडीच्या चाळीस अंशांत साडेअठरा दाखवेल. त्यात काही बिघाड नाही. आणि किलोओहम जास्त म्हणजे आवाज जास्त हा समज फक्त एकाच जाडीच्या तारेच्या दोन कॉइलची तुलना करताना खरा. बारीक तार घेतली तर कमी वेढ्यांतही रोध वाढतो.

केबलही वाद्याचा भाग आहे

कॉइलला रोध असतो तसा इंडक्टन्सही असतो, म्हणजे ती वेगानं बदलणाऱ्या करंटला विरोध करते. शिल्डेड केबलमध्ये मधली तार आणि भोवतीची जाळी यांच्यात कपॅसिटन्स असतो, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. कॉइल आणि हा कपॅसिटन्स एकत्र आले की एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आवाजाला उठाव येतो आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्यानं पडतं. पिकअपचा ‘स्वभाव’ म्हणून आपण जे ऐकतो त्यातला मोठा वाटा या उठावाचा आहे.

समजा पिकअपचा इंडक्टन्स ५ हेन्री आहे. पाच मीटर केबल लावली, म्हणजे ५०० पिकोफॅरड. उठाव येतो साधारण ३२०० हर्ट्झवर. त्याच पिकअपला दहा मीटर केबल लावली तर तो सरकतो २२५० हर्ट्झला. कॉइलचा स्वतःचा थोडा कपॅसिटन्स धरला तर आकडे आणखी खाली येतात, पण दिशा तीच. काही बिघडलं नाही, काही बदललं नाही, फक्त स्टेज मोठं म्हणून लांब केबल जोडली आणि स्टीलची चमक गेली. घरी छान वाजणारं वाद्य कार्यक्रमात दबकं का वाजतं, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं. पिकअप बदलायला निघालेल्या माणसानं आधी लहान केबल लावून ऐकावं.

पेडल स्टीलवर व्हॉल्यूमचं बटण बहुधा नसतंच, कारण उजवा पाय कायम व्हॉल्यूम पेडलवर असतो. तार छेडताना पेडल थोडं मागे असतं आणि सूर विरत जाईल तसं पुढे दाबत नेतात, त्यामुळे सूर लांबतो. हे पेडल म्हणजे एक पॉट, बहुधा ५०० किलोओहमचा. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ४७० किलोओहमचा सहज मिळतो, तो बिनदिक्कत लावावा, फरक पॉटच्या नेहमीच्या त्रुटीएवढाच आहे. प्रकार मात्र तपासून घ्यावा. लॉग पॉट हवा, लिनियर नको, कारण कान आवाजाची वाढ पटीत ओळखतो. लिनियर पॉट लावला तर पेडल जरा हललं की सगळा आवाज येतो आणि पुढचा निम्मा प्रवास फुकट जातो. वर छापलेल्या ए-बी अक्षरांचा अर्थ जुन्या आणि नव्या मालात वेगळा निघतो, म्हणून अक्षरावर विसंबू नये. पॉट बरोबर मध्ये आणून मोजावा. निम्मा रोध दाखवला तर लिनियर, दहा-पंधरा टक्के दाखवला तर लॉग.

या पेडलमध्येही तीच गोष्ट लपलेली आहे. पॉटचा सरकता पाय रोधाच्या बरोबर मध्यावर असताना पुढच्या केबलला सव्वाशे किलोओहमच्या मागून सिग्नल मिळतो. पुढे पाच मीटर केबल असेल तर साधारण २५०० हर्ट्झच्या वरचा आवाज पडायला लागतो. आणि स्टील वाजवणाऱ्याचा पाय तर बराच वेळ याच मधल्या टप्प्यात असतो! पेडल पूर्ण दाबलं की आवाज उघडा, मागे आणलं की कांबळ्याखाली गेल्यासारखा, ही तक्रार इथून येते.

उपाय दोन आहेत. पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पायात दीडशे पिकोफॅरडच्या आसपासचा छोटा कपॅसिटर टाकला की वरचे सूर त्यातून वाट काढतात. हा स्वस्त आणि बऱ्यापैकी चालणारा उपाय. दुसरा, माझ्या मते खरा उपाय, म्हणजे बफर, पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं छोटं सर्किट. टीएल ०७२ सारखी सगळीकडे मिळणारी आयसी, नऊ व्होल्टची बॅटरी, दहा लाख ओहमचा इनपुट. पिकअपला भार जाणवत नाही आणि पुढे कितीही लांब केबल चालते. यात एक चूक फार होते. बफर पेडलच्या आधी लावतात आणि पेडलमधला पॉट पाचशेचाच ठेवतात. पिकअपवरचा भार गेला, पण पॉट आणि पुढची केबल यांचा प्रश्न होता तिथेच राहिला. बफर आधी असेल तर पेडलमध्ये २५ किलोओहमचा पॉट टाकावा, मग पुढच्या केबलची काळजी उरत नाही.

नेक निवडणारा स्विच

दोन नेकच्या वाद्यात एक टॉगल लागतो. तीन पायांचा साधा स्विच घ्या. मधला पाय जॅकच्या टोकाला, म्हणजे साउंडवाले ज्याला पी-३८ म्हणतात त्या ६.३५ मिलिमीटरच्या पिनच्या टोकाकडे जाणाऱ्या पत्तीला. कडेच्या दोन पायांना दोन पिकअपच्या सिग्नल वायरी. दोन्ही पिकअपची दुसरी टोकं आणि सगळ्या शिल्ड एकत्र करून जॅकच्या बाहेरच्या पत्तीला, म्हणजे ग्राउंडला. वायरिंग संपलं.

दुकानात स्विच मागताना मात्र मधल्या स्थितीचं काय, हे सांगावं लागतं. काही स्विचला मधली स्थिती नसतेच. काहींत मध्ये सगळं बंद होतं. तिसरा प्रकार उभ्या गिटारवर असतो तो, त्यात मध्ये दोन्ही पिकअप एकत्र चालू. स्टीलला यातला दुसरा प्रकार मला सर्वांत उपयोगी वाटतो. कार्यक्रमात तारा जुळवताना, उठून जाताना वाद्य एका बोटानं गप्प करता येतं.

दोन्ही पिकअप एकत्र चालू ठेवण्याची सोय पुष्कळजण हौसेनं मागतात. मागण्याआधी त्याचा परिणाम समजून घ्यावा. तुम्ही वाजवताय ई-नाइन्थ नेक, सी-सिक्स्थचा पिकअप नुसताच जोडलेला आहे. दोन विहिरींच्या मोटरी व्हॉल्व्ह न लावता एकाच पाइपलाइनला जोडल्या आणि एकच चालू केली तर चालू मोटरचं पाणी शेताऐवजी दुसऱ्या विहिरीत उतरायला लागतं, तसंच इथे होतं. वाजणाऱ्या कॉइलचा सिग्नल दुसऱ्या कॉइलमधून ग्राउंडला जातो. दोन्ही सारख्या असतील तर व्होल्टेज जवळपास निम्मं होतं, म्हणजे ६ डेसिबल गेले. वर न वाजवलेल्या नेकच्या तारा आपोआप झंकारतात. तरफेचाच नियम तो, पण सतारीत तरफ मुद्दाम रागानुसार लावलेली असते, इथे मेळच वेगळा. आणि दुसरा पिकअप स्वतःचं हमिंगही घेऊन येतो. वाजत नसलेला पिकअप जॅकपासून पूर्ण सुटलेला असावा, हेच बरं.

इथे फेजचा, म्हणजे पिकअप सुलटा जोडला की उलटा याचा, प्रश्नही विचारला जातो. उभ्या गिटारवर दोन पिकअप उलट जोडले गेले तर आवाज पोकळ होतो, कारण एकाच तारेची हालचाल दोघं पकडतात आणि एकमेकांना खोडतात. दोन नेकच्या स्टीलवर प्रत्येक तारेवर एकच पिकअप आहे. खोडायला दुसरं कुणी नाही. त्यामुळे दोन नेकचे पिकअप कुठल्याही दिशेनं जोडले तरी आवाजात फरक पडत नाही, फक्त बाहेरच्या बाजूची वायर ग्राउंडला जाईल एवढं पाहावं. फेज सांभाळायची ती हंबकरच्या, म्हणजे हमिंग खोडणाऱ्या जोडकॉइल पिकअपच्या, दोन कॉइलमध्ये.

हंबकर आणि सहा पायांचा स्विच

आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर, पंखे, चोक यांच्याभोवती तेवढ्याच वेगानं बदलणारं चुंबकीय क्षेत्र असतं आणि पिकअपची कॉइल ते तारेइतक्याच निष्ठेनं पकडते. १९५५ साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरनं यावर तोडगा काढला. दोन कॉइल शेजारी शेजारी, एकीची चुंबकाची बाजू उलटी आणि जोडणीही उलटी. बाहेरून येणारं हमिंग दोन्हींत उलटसुलट येऊन खोडलं जातं. तारेचा सिग्नल मात्र दोनदा उलटा होऊन सरळ होतो आणि बेरीज होते.

अशा पिकअपमधून चार वायरी आणि एक शिल्ड बाहेर येते. रंगांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. मीटरनं जोड्या शोधा. ज्या दोन वायरींत आठ-नऊ किलोओहम दिसतात ती एक कॉइल. मग सुईचा मीटर सर्वांत लहान डीसी रेंजवर ठेवून एका कॉइलला लावा, तिच्यावर लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर हलकेच टेकवा आणि झटकन उचला. उचलताना सुई उजवीकडे गेली तर मीटरच्या तांबड्या पिनेची वायर ती ‘अधिक’. डावीकडे गेली तर उलट. दुसऱ्या कॉइलचंही असंच. चार वायरींवर चिकटपट्टीनं खुणा करून घ्या: पहिली अधिक, पहिली उणे, दुसरी अधिक, दुसरी उणे.

आता जोडणी. पहिलीची अधिक जॅकच्या टोकाला, पहिलीची उणे दुसरीच्या अधिकला, दुसरीची उणे ग्राउंडला. ही सिरीज, म्हणजे भरदार, गोल आवाज. नऊ-नऊ किलोओहमच्या कॉइल असतील तर जॅकवर अठरा दिसतील.

मधल्या सांध्यापासून एक वायर काढून साध्या स्विचनं ग्राउंडला टेकवली की दुसरी कॉइल निकामी होते आणि पहिली एकटी वाजते. आवाज बारीक, धारदार होतो, मीटरवर नऊ दिसतात, आणि हमिंग परत येतं. यालाच कॉइल स्प्लिट म्हणतात. कॉइल टॅप ही वेगळी गोष्ट, एकाच कॉइलच्या मधल्या वेढ्यावरून काढलेली तिसरी वायर. दुकानात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून पिकअपमधून वायरी किती निघतात ते बघून ठरवावं.

माझी शिफारस स्प्लिटऐवजी पॅरलल जोडणीची. त्यात आवाज स्वच्छ आणि उघडा होतो, हमिंग खोडलेलंच राहतं. रोध साडेचार किलोओहम, इंडक्टन्स सिरीजच्या सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे मघाचा उठाव ढोबळमानानं दुप्पट फ्रिक्वेन्सीवर जातो. सिग्नल कमी होतो, तेवढा अँपवर भरून काढावा लागतो. याला सहा पायांचा टॉगल लागतो, तीन-तीन पायांच्या दोन उभ्या रांगा. पहिलीची अधिक कायमची जॅकच्या टोकाला, दुसरीची उणे कायमची ग्राउंडला, त्यांना हात लावायचा नाही. पहिलीची उणे डाव्या रांगेच्या मधल्या पायाला. दुसरीची अधिक उजव्या रांगेच्या मधल्या पायाला. वरचे दोन पाय एका छोट्या तारेनं एकमेकांना जोडा. खालचा डावा पाय ग्राउंडला, खालचा उजवा जॅकच्या टोकाला. एका बाजूला स्विच टाकला की मधले दोन्ही पाय एकमेकांना मिळतात आणि सिरीज होते, दुसऱ्या बाजूला टाकला की दोन्ही कॉइल स्वतंत्रपणे टोक आणि ग्राउंड यांच्यात बसतात. कागदावर एकदा हातानं काढून बघा, लगेच उलगडतं.

डाग मारताना पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न, साठ-चाळीसची रोझिनवाली सोल्डर तार. पत्र्याच्या कामाचं अॅसिड लावू नये, ते बारीक तारेला वर्षभरात खातं. पिकअपच्या बारीक तारेवर ओढ येणार नाही असा वायरीला आधी गाठीचा किंवा क्लिपचा आधार द्यावा.

हमिंग कुठून येतंय ते ओळखणं

हमिंगचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचं औषध वेगळं. ट्रान्सफॉर्मरकडून येणारं चुंबकीय हमिंग तांब्याची पट्टी चिकटवून जात नाही, त्याला हंबकर किंवा अंतर हाच उपाय. डिमर, एलईडी लाइट, उघड्या वायरी यांच्याकडून येणारी विद्युतक्षेत्राची घरघर मात्र शिल्डनं थांबते. ओळख सोपी. वाद्य चौकटीसकट थोडं फिरवून बघा. दिशेबरोबर आवाज कमी-जास्त झाला तर चुंबकीय. तारेला किंवा चेंजरला हात लावल्यावर घरघर बदलली तर शिल्ड किंवा ग्राउंडमध्ये खोट. उभी गिटारवाला वळून बसू शकतो, स्टीलवाल्याचं वाद्य चार पायांवर जागच्या जागी उभं. म्हणून मांडणी होण्याआधीच, लाइटवाल्याचे डिमर कुठे आहेत ते पाहून, जागा आणि दिशा ठरवून घ्यावी. स्वतःचा अँपही पिकअपच्या शेजारी ठेवू नये.

घरघर दुसऱ्या प्रकारची असेल तर स्विच-जॅकची पोकळी तांब्याच्या पट्टीनं मढवून ग्राउंडला जोडा, आणि चेंजरला, म्हणजे पर्यायानं तारांना, ग्राउंडची एक वायर द्या. चेंजरच्या आसपासचं अॅल्युमिनियम बहुधा अॅनोडाइज केलेलं असतं आणि तो थर वीज जाऊ देत नाही. वायर नुसती टेकवून उपयोग नाही, स्क्रूखाली जागा खरवडून पत्ती कसावी आणि मीटरनं तार ते जॅकचं ग्राउंड असा रोध शून्याजवळ आहे याची खात्री करावी.

तारा ग्राउंडला जोडल्या की एक जबाबदारी येते. तारा, अँपची बॉडी आणि भिंतीतल्या सॉकेटची अर्थ पिन आता एकाच वायरीवर आहेत. अर्थ खरी असेल तर हे सुरक्षित आहे. पण यात्रेच्या आणि गणपतीच्या मंडपात ओढलेल्या एक्स्टेन्शनमध्ये तिसरी वायर कित्येकदा नसतेच, किंवा हमिंग जावं म्हणून कुणीतरी पिनच काढून टाकलेली असते. अँप एका फेजवर, मिक्सर जनरेटरवर असेल तर स्टीलच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यात मोठं व्होल्टेज उभं राहू शकतं. दोन्ही हात बार आणि तारांवर, ओठ माइकला. हा रस्ता थेट छातीतून जातो. हमिंग घालवायला अर्थ पिन कधीही तोडू नका. हमिंग ग्राउंड लूपचं असेल तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स मध्ये घाला, त्यानं सिग्नलचं ग्राउंड सुटतं आणि अर्थ शाबूत राहते. वाद्यांचा सगळा सप्लाय ३० मिलिअँपच्या ईएलसीबीतून (करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचमधून) घ्यायचा आग्रह धरा.

आणि वाजवायला बसण्याआधी मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक पिन तारेला, दुसरी माइकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्ट असतील तर ठीक. शंभराच्या आसपास दिसले तर बहुधा एखादा अडॅप्टर किंवा कीबोर्ड अर्थशिवाय चालतोय, करंट कमी असला तरी अर्थ नाही हे त्यातून कळलं. दोनशेच्या वर दिसले तर फेज बॉडीत आलेली आहे. दोन्ही वेळा माइक आणि वाद्य दोन्ही सोडून मंडपवाल्याला बोलवा, त्याच्याकडून अर्थ दुरुस्त करून घ्या, आणि पुन्हा मोजल्याशिवाय तारेला हात लावू नका.